व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर आणि ह्यांचे कान

रविवार, ९ फेब्रु. ८६
टँकर आलाच नाही. काल भरून ठेवलेल्या घागरींवर दिवस काढला. कपडे धुवायचे होते, ते गाठोड्यात तसेच.

दुपारी मिलिंद आला, पुण्याहून, न कळवता. माझ्या लग्नात हा दीर चौथीत होता, त्यामुळं भाऊजी म्हणायची सवय कधी लागलीच नाही. आता रेडिओच्या कारखान्यात आहे. पिशवीतून कपडे निघायच्या आधी अ‍ॅल्युमिनियमचा चपटा डबा निघाला. स्वतः बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर. ट्रान्झिस्टरचा.

म्हणजे आता भांडण.

ह्यांचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प कपाटावर बसलेला आहे. आम्ही नळदुर्गला बिऱ्हाड केलं त्या वर्षी ह्यांनी बांधला. लोखंडी पत्रा, जड ट्रान्सफॉर्मर, उचलायला दोन माणसं लागतात. लावला की आधी व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्या तांबड्या व्हायची वाट बघायची, मग गाणं. तोवर घरात कुणी बोलायचं नाही असा जणू नियम.

मिलिंदनं आपला डबा त्याच स्पीकरला जोडला. बटण दाबलं की लगेच आवाज. ह्यांचा चेहरा तिथंच उतरला.

"ऐक तर दादा."
"ऐकलं. आवाज हाय. गाणं न्हाई."
"गोड लागतं ते खरंच असतं असं न्हाई. गवयानं म्हटलं तेवढंच बाहेर आलं पायजे. वरनं साखर नको."
"मी साखर घालत न्हाई. तू मीठ काढून टाकतोस."

चहा गार झाला. दोघंही मला विचारत होते, वहिनी तू सांग, शांता तू सांग. मी म्हटलं, टँकर उद्या तरी येणार का ते कुणीतरी सांगा.

मंगळ. ११ फेब्रु.
मिलिंद पहाटेच्या गाडीनं गेला. डबा ठेवून गेला. "राहू दे, वहिनी. कधीतरी लावेल दादा." ह्यांनी त्याच्यावर पोतं टाकलं.

शाळेत माझ्या वर्गात निम्म्या पोरी नाहीत. आईबापाबरोबर रोजगार हमीच्या कामावर, पाझर तलावाची माती उचलायला. उरलेल्यांना कविता शिकवली. कुणासाठी शिकवते आहे असं मधेच...

शनि. २२ फेब्रु.
आठवडाभर व्होल्टेज नाही. संध्याकाळी दिवा म्हणजे नुसती तार लाल. व्हॉल्व्ह तापतच नाहीत. गवई तापातून उठून गायला बसल्यासारखा. हे तासभर मागचा पत्रा काढून बसले, मग तसाच लावून टाकला. जेवले नाहीत.

आज खाजाभाई हातगाडीवर ट्रकची बॅटरी घालून आले. हायवेवर त्यांचं बॅटरीचं दुकान आहे, आणि गाणं ऐकायला आमच्याकडं येतात ते आमची मित्रा रांगत होती तेव्हापासून. "साब, वो छोटा डब्बा बॅटरीपर चलता ना? चलाव फिर. कायकू सुका बैठना?"
हे म्हणाले, "मला केंद्रावर काम हाय." सायकल काढून गेले. दूध संघाचं शीतकरण केंद्र, तिथं यंत्रांचे सुपरवायझर आहेत हे. काम काहीच नव्हतं. मला माहीत आहे.

मी खाजाभाईंना म्हटलं, जोडा. पोतं काढलं. कॅसेटचा छोटा टेप सेलवर चालतो, त्याची तार डब्यात घातली. भीमपलास लागला. गाणाऱ्या बाईंची ही कॅसेट मी कितीदा ऐकली असेल. तंबोऱ्याच्या तारा आज वेगवेगळ्या मोजता आल्या असत्या. आणि तान संपली की बाई श्वास घेतात, तो ऐकू आला. गाताना माणूस दमतं हे मला ठाऊक होतं. ऐकलं नव्हतं कधी.

खाजाभाई मान हलवत होते. म्हणाले, "साफ है भाभी. पन साबकू नक्को बोलो."
नाही सांगितलं. भांडायला अंगात त्राण लागतं.

गुरु. ६ मार्च
केंद्रावर दूध निम्म्यावर आलं. कडबा नाही, लोक जनावरं छावणीवर नेऊन बांधतायत किंवा बाजारात. हे म्हणतात, मोठी मशीन चालवायला लाज वाटते एवढ्याशा दुधासाठी.

सकाळी पाट मागितला, ताट आणून दिलं. "लक्ष कुठं असतं तुमचं?" म्हटलं. ताट परत नेलं. मग पाट आणला.

उन्हात त्या व्हॉल्व्हच्या खोलीत बसवत नाही. मित्राची आठवीची परीक्षा तोंडावर, तिनं पुस्तकं घेऊन शेजारी मुक्काम हलवलाय.

रविवार, १६ मार्च
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते. दुसरं कुणाशी बोलणार.

मिलिंद काल रात्रीच्या गाडीनं आला. सकाळी लाईट चांगली होती. खाजाभाईही आले. मिलिंद म्हणाला, दादा, एकदा निकाल लावू. मधे चादर बांधायची. दोन्ही अ‍ॅम्प चादरीमागं, स्पीकर एकच, टेप एकच, आवाज दोघांचा सारखा. मी मागून तार बदलेन. कोणता चाललाय ते तू सांग. हे हसले. किती दिवसांनी हसले. "लाव. डोळे बांध वाटलं तर."

टेप कुठला, तर अक्काचा. म्हणजे ह्यांची थोरली बहीण. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. गावाकडं तेरच्या घरी ओसरीवर बसून म्हणायची, ह्यांनी स्पूलच्या टेपवर भरून ठेवलंय. त्या टेपची एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. अक्का मांडीवर हातानं ठेका धरायची आणि बांगड्या वाजायच्या. प्रत्येक वेळी टेप लावला की हे कुरकुरणारच, "बांगड्या काढ म्हणलं होतं मी तिला. ऐकलं न्हाई." न चुकता. मित्रा तर त्यांच्या आधीच म्हणून दाखवायची.

मिलिंद चादरीमागं गेला. अक्काचा आवाज आला. कडवं संपलं. तार बदलली. पुन्हा तेच कडवं.

मला लगेच कळलं. पहिल्यात अक्का जवळ, उबदार, जरा पदराआडून. दुसऱ्यात अक्का आणि ओसरी आणि बाहेर लांब कुठं चिमण्या. आणि बांगड्या अशा की हात लावावा.

हे डोळे मिटून होते. म्हणाले, "पहिला मिलिंदचा. दुसरा माझा. दुसऱ्यात जीव हाय."

मिलिंद चादरीमागून बाहेर आला. खाजाभाई म्हणाले, "साब, उल्टा बोले तुम." हे म्हणाले, "पुन्हा लाव." पुन्हा लावला. पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा बरोबर आलं, पण ते अंदाजानं, ते त्यांनाही कळलं असावं.

मित्रा मधेच म्हणाली, "बाबा, दुसऱ्यात आत्याच्या बांगड्या कसल्या छान वाजतात."
हे म्हणाले, "बांगड्या? बांगड्या आता कुठं राहिल्यात. टेप झिजला. पूर्वी असायच्या."

टेप तसाच चालू होता. स्पीकरमधून बांगड्या वाजत होत्या. आम्ही चौघं ऐकत होतो. मिलिंदनं माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं.

खाजाभाईंनीच सावरलं. म्हणाले, "मेरेकू पूछो तो साब का अच्छा. साब के डब्बे में अक्का सामने बैठती. इसमें अक्का का फोटू है, एकदम साफ. पन फोटू." मिलिंदही म्हणाला, माझा अजून पुरा झाला नाही दादा, आवाज अगदी बारीक केला तर करकर येते, बघ. आणि खरंच, बारीक केल्यावर अक्काच्या आवाजाला कुसळ लागलं. व्हॉल्व्हचा बारीक केला तरी स्वच्छ. म्हणजे खरेपणाही एका जागी बसत नाही. हळू ऐकायचं तर ह्यांचा, मोठ्यानं ऐकायचं तर त्याचा.

हे ऐकत होते की नाही कोण जाणे. टेप गुंडाळून त्याच्या खोक्यात ठेवला. हळूच.

सोम. १७ मार्च
मिलिंदच्या हातात आकडेवालं घड्याळ आहे, गजर लावला की पिक् पिक् करतं. सकाळी हे दाढी करत होते. मिलिंदनं मागं उभं राहून गजर वाजवला. स्वयंपाकघरात मला ऐकू आला. मित्रा म्हणाली, काका बंद करा. ह्यांचा वस्तरा थांबलासुद्धा नाही.

एस.टी. स्टँडपर्यंत मी मिलिंदबरोबर गेले. म्हणाला, "वहिनी, अमोनियाच्या मशीनपाशी इतकी वर्षं. कानात बोळा घालायला सांगितलं तर दादा म्हणायचा, मग मशीन काय म्हणतंय ते कसं कळंल. बारीक आवाज आधी जातात. माणसाला कळतच न्हाई. गेलेलं ऐकू येत न्हाई म्हणून गेलं हेच कळत न्हाई."
"तू सांग की."
"मी? माझ्याकडनं तो अ‍ॅम्पचं ऐकत न्हाई."
गाडी आली.

बुध. २ एप्रिल
सांगितलं नाही.

परीक्षेचे पेपर तपासते. टँकर एक दिवसाआड. दूध संघ आमचं केंद्र बंद करून दूध परस्पर मोठ्या डेअरीला पाठवणार अशी कुजबूज आहे. अध्यक्ष म्हणतात, पाऊस पडू द्या, बघू. माणसं कुठली ठेवायची, कुठली काढायची, ते बघायला वरून साहेब येणार म्हणे.

अशात कसं सांगू.

मंगळ. १५ एप्रिल
काल जयंती. दरवर्षी विहारासमोरचं लाउडस्पीकरचं काम ह्यांचं. पोरं तारा ओढतात, हे अ‍ॅम्पपाशी. सकाळपासून खुशीत होते, पांढरा सदरा, मी नीळ घालून धुतलेला, तेवढ्या पाण्यात.

संध्याकाळी एका पोरीनं गाणं म्हटलं, सातवीतली आमच्या शाळेची. गोड गळा. हे ट्रेबलचं बटण फिरवत गेले. फिरवत गेले. कर्ण्यातून असा आवाज की पुढं बसलेल्या बायकांनी कानावर पदर धरले. लहान पोर रडायला लागलं. मंडळातला एक पोरगा गेला, "काका, लई कर्कश व्हायलंय." हे म्हणाले, "शब्द कळंनात तिचे. शब्द कळाय नकोत का?" तो पुन्हा म्हणाला, "काका, समद्यांला कळायलेत." आणि हात पुढं करून त्यानं स्वतःच बटण मागं फिरवलं.

हे उठले. चप्पल घातली. मीही मागोमाग घरी आले. ती पोरगी अजून गात होती, आमच्या दारापर्यंत ऐकू येत होतं. मला.

शुक्र. १८ एप्रिल
सांगितलं.

शाळेतून आले, हे आज लवकर घरी. ओट्यावर बसले होते. मी पाणी दिलं आणि म्हटलं. असंच म्हटलं, काही जुळवाजुळव न करता. बांगड्या टेपवर आहेत. झिजल्या नाहीत. तुम्हाला ऐकू येत नाहीत.

वाटलं होतं चिडतील. चिडले नाहीत.
"तुला कवापासून ठाऊक?"
"त्या रविवारपासून."
"मिलिंदला?"
"त्यालाही."
"खाजाला?"
मी पदराला हात पुसले.
"म्हंजे समद्यांला."

पेला रिकामा करून खाली ठेवला. नंतर म्हणाले, आणि ते थट्टेनं म्हणाले की कसं ते मला अजून ठरवता येत नाही, "म्हंजे मीच जिंकलो की. माझ्या कानाला दोन्हीत फरकच न्हाई. भांडण मिटलं."

मी रडायला हवं होतं बहुतेक. नुसती दमले होते. भाकरी थापायला बसले.

रविवार, २७ एप्रिल
आज ह्यांनी आपणहून पोतं काढलं. मिलिंदच्या डब्याला ट्रेबलचं बटण आहे, त्याच्या मागं आणखी काही जोडलं. दोन दिवस हेच चाललं होतं, डाक द्यायच्या कथलाचा वास घरभर. अक्काचा टेप लावला. बटण पुरं फिरवलं.

पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. मित्रानं कान झाकले आणि बाहेर पळाली. शेजारच्या काकू दारात येऊन बघून गेल्या. अक्काचं "स" म्हणजे सापाचा फूत्कार. टेपची खरखर वळवाच्या वाऱ्यासारखी.

हे स्पीकरला जवळजवळ कान लावून. मग हात वर केला, मला थांब म्हणतात तसा.
"आल्या."
"काय?"
"बांगड्या. डाव्या हातात जास्त हायेत. ऐक."

मी ऐकत होते. कान दुखत होते. कडवं संपेपर्यंत बसले. पुढचं कडवं संपेपर्यंतही. ह्यांच्या डोळ्याला पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही, म्हणजे आलंय हे त्यांना कळलं नसावं.

मग मलाच विचारलं, "तुला कसं लागतंय?"
"तुमच्यासारखंच."
"खोटं नको बोलू शांता."
"लई वाईट लागतंय."
बटण मधोमध आणलं. थोडा वेळ ऐकलं. "आता?"
"आता बरोबर आहे."
"आता न्हाईत," म्हणाले, आणि बंद केलं.

यातलं खरं कुठलं? त्यांना अक्का पुरी ऐकू येते तेव्हा ती आम्हाला अक्का राहत नाही. मिलिंदला लिहायला हवं. लिहू काय पण.

गुरु. ८ मे
सुट्टी. दुपारी बिराजदार आला, केंद्रावरचा ऑपरेटर, हे घरी नसताना. अणदूरचा आहे, खंडोबाचा भंडारा आणि घरचं ताक घेऊन आला. आमच्यात देवाचं करत नाहीत हे त्याला माहीत आहे. "भंडारा ऱ्हाऊ द्या बाई, ताक तर घ्या."

उंबऱ्यात उकिडवा बसला. जायचं नाव घेईना. मग म्हणाला,
"साहेबास्नी बारीक ऐकू येत न्हाई ते आमास्नी ठावं हाय. लई दिवसांपासनं."
मी ताकाचं भांडं खाली ठेवलं.
"बेअरिंग शिट्टी मारायलं की मी साहेबाच्या म्होरं जाऊन हुबा ऱ्हातो. बोलत न्हाई कायी. साहेब मशीनवर हात ठिवत्यात. हाताला कळतंय त्यास्नी, शिट्टीच्या आदी बी कळतंय कवा कवा. आजवर दूध नासलं न्हाई आमचं."
"त्यांना ठाऊक आहे का, तुम्हाला कळलंय ते?"
"आमी कशाला सांगाव? पर आता वरचे साहेब यायलेत. कुणाचं वय बघणार, कुणाचं डोळं, कुणाचं कान. बाई, कायतरी करा. साहेब गेलं तर आमचं बी केंद्र गेलं."

ताक आंबट नव्हतं. या उन्हात इतकं गोड ताक कुणी आणून दिलं असतं. 

मंगळ. २० मे
सोलापूर. कानाचे डॉक्टर. बिराजदारचं काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं मला बाजारात जायचंय, जाता जाता दाखवून येऊ. लगेच तयार झाले. ह्यांना स्वतःलाच जायचं असावं.

काचेच्या खोलीत बसवलं, दोन्ही कानांवर हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेर. डॉक्टर एकेक स्वर वर नेत होता. हे दाबत होते, दाबत होते. मग थांबले. डॉक्टर आवाज वाढवत होता. हे बटणावर अंगठा ठेवून समोर बघत बसलेले, शाळेत उत्तर न येणाऱ्या पोरासारखे नाही, उलट फार लक्ष देऊन. ते लक्ष देणं बघवेना.

डॉक्टर कोवळा आहे, चांगला वाटला. म्हणाला, वरचे स्वर गेलेत काका, ते परत यायचे नाहीत. आहे ते सांभाळा. मशीनपाशी कान झाका. आणि यंत्र घ्या. दाखवलं. खिशात ठेवायची लहानशी पेटी, त्यातून तार, तिच्या टोकाला कानात घालायचं बोंड.

ह्यांनी पेटी उलटीपालटी केली. मागचं झाकण नखानं उघडलं. आत बघितलं.
"ट्रान्झिस्टर," म्हणाले.
"काका, आता सगळं ट्रान्झिस्टरवरच."
"व्हॉल्व्हचं येत न्हाई?"
डॉक्टर हसला. त्याला विनोद वाटला. मलाही हसू आलं, आणि मग हेही हसले. घेतली पेटी. परतीच्या एस.टी.त मात्र कानात घातली नाही. "गाडीचा आवाज कशाला मोठा करून ऐकायचा."

शुक्र. ३० मे
पेटी दिवसातून थोडा वेळ लावतात. पहिल्या दिवशी घर ऐकून घाबरले. "ताटं एवढी वाजतात? तू चालताना पैंजण घालतीस?" पैंजण नाही, किल्ल्यांचा जुडगा. कमरेला असतो, पहिल्यापासून.

बोंड नीट बसलं नाही की पेटी शिट्टी मारते. ती शिट्टी घरात सगळ्यांना ऐकू येते, फक्त ह्यांना नाही. मित्रा खूण करते, हे बोंड दाबतात. पोरीची चिडचिड होते पण खूण करायची चुकत नाही.

गाणं ऐकताना पेटी काढून ठेवतात. व्हॉल्व्ह लावतात. म्हणतात, दोन दोन अ‍ॅम्प्लिफायर कशाला मधे. मी विचारलं, मिलिंदचा का नाही लावत मग? "त्याच्यात काय हाय ते मला ठाऊक झालंय. माझ्यात काय न्हाई ते ठाऊक हाय. असू दे."

शेजारी टीव्ही आलाय. मित्रा म्हणाली, तो लावला की सारखी बारीक शीळ येते, डोकं उठतं. मी आणि शेजारच्या काकू कान देऊन बसलो. काही नाही. "आई, एवढी मोठी येतेय की!" तिच्या मैत्रिणीलाही येते.
म्हणजे माझेही कान. मी इतके महिने ह्यांच्या कानांचा हिशेब करत होते. चादरीपुढं बसून मला सगळं ऐकू आलं अशा समजुतीत होते. त्या टेपवर आणखी काय असेल जे फक्त मित्राला...

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बस की मग इकडं. माझ्या बाजूला."

मंगळ. १० जून
शाळा सुरू व्हायची आहे. आभाळ रोज भरतं, रोज जातं. टँकर चालू.

आज वरचे साहेब केंद्रावर यायचे होते. बिराजदार सकाळीच निरोप देऊन गेला, जीप पाठवतो, साहेबांनी दहाच्या आत यावं. हे नेहमीपेक्षा लवकर उठले. पेटी टेबलावर. आंघोळ, इस्त्रीचा सदरा. चहा घेताना मी म्हटलं, लावली तर त्यांना दिसेल. नाही लावली तर ते काय विचारतील ते कळायचं नाही.
"दोन्ही ठाऊक हाय मला."
"मी काही म्हणत नाही. तुम्ही ठरवा."
"मशीन मला हातानं कळतं. ते त्यांना कागदावर कसं दाखवू?"
"बिराजदार सांगेल."
"बिराजदारला काय ठाऊक?"
मी सांगितलं. उंबऱ्यात बसून तो काय म्हणाला ते सगळं. म्होरं जाऊन हुबा ऱ्हातो, ते. आज सांगायला नको होतं का? पण आजच सांगायला हवं होतं.

ह्यांनी कप खाली ठेवला. "तरीच," म्हणाले. "मला वाटायचं, हा सारखा मधे का येतोय."

बाहेर जीपचा हॉर्न. तो त्यांना ऐकू आला. उठले, दारापर्यंत गेले, परत आले. पेटी उचलली. बोंड कानात घालून माझ्याकडं बघितलं, "बोल कायतरी."
"काय बोलू?"
"तुझा आवाज यात पत्र्यासारखा येतो, शांता."
"मग?"
"मग काय. शब्द येत्यात."

बोंड काढलं. पेटी सदऱ्याच्या खिशात टाकली, तार आत गुंडाळून. चप्पल घातली. मी दारात उभी. जीपमध्ये बिराजदार पुढं बसलेला, तो उतरून मागं गेला, ह्यांना पुढं बसवलं. जीप वळताना ह्यांचा हात खिशाकडं गेला. पुढचं धुळीत दिसलं नाही.

अजून आले नाहीत. भात झाकून ठेवलाय.